सही नसलेला ड्रायव्हर बसवावा का?

संगणकाचा कळफलक ही वस्तू आपण इतकी गृहीत धरतो की तिच्या पोटात काय आहे ते पाहावेसे सहसा वाटत नाही. अलीकडे मात्र शाळकरी मुलांतही मेकॅनिकल कीबोर्डची, म्हणजे यांत्रिक कळफलकाची, आवड दिसू लागली आहे. कोणी तो खेळासाठी घेतो, कोणी जुन्या बाजारातून उचलून आणतो, तर कोणाला त्याचा टकटक आवाजच आवडतो. घरी आणून जोडला की बहुधा तो मुकाट्याने चालू लागतो. परंतु काही कळफलकांना कडेला जादा कळा असतात, रंगीत दिवे असतात, आणि ते चालवण्यासाठी कारखानदाराने दिलेली एक खास आज्ञावली संगणकात बसवावी लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. तो बसवायला गेले की विंडोज कधी कधी अडून बसते. या ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खात्री पटत नाही, सबब तो चालवता येणार नाही, असे ती कळवते. उपकरणांच्या यादीत पिवळा त्रिकोण दिसतो आणि सोबत दोषाचा क्रमांक, ५२.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. वर्गातला एखादा हुशार मित्र सांगतो, "अरे, ती तपासणीच बंद करून टाक, दोन मिनिटांचे काम आहे." घरातील वडीलमंडळी म्हणतात, "सही नाही ना? मग हात लावू नकोस." हे दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात. सही म्हणजे काय आणि ती कशाची हमी देते, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

प्रथम कळफलकाकडे पाहू. साध्या स्वस्त कळफलकात सगळ्या कळांखाली रबराचा एकच पापुद्रा पसरलेला असतो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो: प्लास्टिकची दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन लवचीक पट्ट्या. चेरी कंपनीच्या नावाजलेल्या एमएक्स स्विचमध्ये कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण साधारण २ मिलिमीटरवरच पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. गंमत अशी की त्या एकदा टेकून स्वस्थ राहत नाहीत. फरशीवर टाकलेली गोटी जशी उड्या मारत मारत थांबते, तशा त्या काही सहस्रांश सेकंद थरथरत राहतात. प्रत्येक टेकणे खरे मानले, तर 'क' एकदा दाबल्यावर चार-पाच वेळा उमटेल.

हे टाळण्यासाठी कळफलकाला स्वतःचे डोके लागते, आणि ते त्याला असते. आत एक लहानसा संगणकच बसवलेला असतो. १०४ कळांना १०४ तारा ओढण्याऐवजी ६ आडव्या आणि १८ उभ्या तारांची जाळी केली की १०८ छेदनबिंदू मिळतात, म्हणजे २४ तारांत काम भागते. आतला चिमुकला संगणक ही जाळी सेकंदाला शेकडो वेळा तपासतो, थरथर संपेपर्यंत थांबतो आणि मगच कळ दाबली गेल्याचे मान्य करतो. हौशी लोक स्वतः कळफलक बनवतात त्यांत अनेकदा एटीमेगा ३२यू४ ही चकती वापरतात. तिच्यात आज्ञावलीसाठी जागा असते मोजून ३२ किलोबाइट.

आता महत्त्वाचा मुद्दा. कळफलक अक्षर पाठवत नाही. तो क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या नियमावलीत इंग्रजी 'के' छापलेल्या कळेला १४ हा क्रमांक दिलेला आहे. कळफलक फक्त "१४" म्हणतो. त्याचा 'के' करायचा की भारतीय लिप्यांसाठी प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्ट रचनेप्रमाणे 'क' करायचा, हे संगणकात ठेवलेला तक्ता ठरवतो. निरोपाचा आकारही ठरलेला आहे, ८ बाइट. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे कळांची स्थिती, दुसरा बाइट रिकामा, आणि उरलेल्या सहांत एकाच वेळी दाबलेल्या सहा कळांचे क्रमांक. हा साधा निरोप ज्याला समजतो तो कोणताही संगणक कोणत्याही कारखान्याचा कळफलक चालवू शकतो. त्यासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींत आधीपासूनच असतो.

याचा पुरावा तर त्या "दोन मिनिटांच्या कामा"तच मिळतो. सहीची तपासणी बंद करण्यासाठी शिफ्ट कळ दाबून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मग एक निळा पडदा येतो, त्यातून वाट काढत सुरुवातीच्या पर्यायांपर्यंत जायचे, आणि तेथे ७ किंवा एफ-७ दाबायचे. हे ७ आपण कशाने दाबतो? ज्याचा ड्रायव्हर बसत नाही म्हणून आपण रडत होतो, त्याच कळफलकाने! म्हणजे कळफलक बंद नव्हताच. अडले होते ते दिवे आणि चार जादा कळा यांच्यापाशी. ड्रायव्हरच्या सहीवर वाद घालण्याआधी "मला हा ड्रायव्हर खरोखर हवा आहे का?" एवढे विचारले, तर निम्म्याहून अधिक भांडणे तेथेच मिटतील असे मला वाटते.

तरीही समजा, हवा आहे. मग सहीकडे वळू.

ही सही शाईची नसते, गणिताची असते. प्रथम ड्रायव्हरच्या संपूर्ण फाइलवर एक ठराविक प्रक्रिया करून तिचा गोषवारा-अंक काढतात. आजकाल तो २५६ बिटांचा असतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हा अंक पार बदलून जातो. मग सही करणारा आपल्या गुप्त किल्लीने त्या अंकाचे रूपांतर करतो, आणि कोणीही त्याच्या जाहीर किल्लीने ते उलट करून ताडून पाहू शकतो. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली रीत लहान आकड्यांवर वहीतही करून पाहता येते.

३ आणि ११ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. जाहीर किल्ली ३, गुप्त किल्ली ७. समजा, ड्रायव्हरचा गोषवारा-अंक ४ आला. सही करणारा ४ चा ७ वा घात काढतो: १६३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते १६. हीच सही. आता तुम्ही १६ चा घन करा: ४०९६. ३३ ने भागा, बाकी ४. गोषवारा-अंकाशी जुळली, म्हणजे सही खरी. कोणी मध्येच ड्रायव्हरमध्ये ढवळाढवळ केली आणि त्याचा अंक ४ ऐवजी ५ झाला, तर हा मेळ बसणार नाही. प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या असते. तिचे अवयव पाडता आले तरच गुप्त किल्ली हाती लागेल, आणि ते आजच्या संगणकांना जमलेले नाही. (गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. बाकीचे प्रश्न मुले इतक्या उत्साहाने क्वचितच सोडवतात.)

ही सही दोन गोष्टी सांगते. फाइल अमुक किल्लीच्या मालकाने सहीसाठी धरली होती आणि त्यानंतर तिच्यात बदल झालेला नाही. बस्स. ड्रायव्हर चांगला आहे, निर्दोष आहे, निरुपद्रवी आहे, यांतले काहीही ती सांगत नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याची मोहोर आहे, आत लाडू आहेत की दगड हे मोहोर सांगत नाही, तसेच हे.

इतिहासात याचे दाखले आहेत. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाची घातक आज्ञावली उघडकीस आली. इराणमधील नातांझ येथील युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे बिघडवण्यासाठी ती रचलेली होती. तिच्या ड्रायव्हरांवर सही होती, आणि तीही रिअलटेक व जेमायक्रॉन या तैवानमधील दोन नामवंत कंपन्यांच्या किल्ल्यांनी केलेली. या किल्ल्या चोरलेल्या होत्या. गणिताच्या दृष्टीने सही शंभर टक्के खरी, पण करणारा चोर! योगायोग असा की स्टक्सनेटने वापरलेल्या छिद्रांपैकी एक कळफलकाशीच संबंधित होते. आपण वर पाहिला तो अक्षरांचा तक्ता वाचण्याच्या विंडोजच्या पद्धतीत एक चूक होती, आणि बनावट तक्ता पुढे करून ही आज्ञावली जादा अधिकार मिळवत असे. ती चूक मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१० मध्ये दुरुस्त केली.

पुढे जून २०२१ मध्ये नेटफिल्टर नावाचा एक दुष्ट ड्रायव्हर सापडला. त्यावर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही होती. किल्ली चोरलेली नव्हती. रीतसर तपासणीला पाठवलेला ड्रायव्हर तपासणीतून निसटला होता. संगणकावरील खेळांत आपले ठिकाण खोटे दाखवून फायदा मिळवणे हा त्याच्या कर्त्यांचा हेतू असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. आणि १९ जुलै २०२४ चा गोंधळ तर तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. विमानतळांवरचे फलक निळे पडले, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. क्राउडस्ट्राइक कंपनीचा तो ड्रायव्हर सहीचा होता, कंपनी प्रामाणिक होती, हेतूही संरक्षणाचा होता. पण नव्या माहिती-फाइलमुळे तो २० नोंदींच्या यादीतली २१ वी नोंद वाचायला गेला, जी तेथे नव्हतीच.

मग सही हे थोतांड आहे का? मुळीच नाही. हा उलटा निष्कर्ष मला अधिक धोक्याचा वाटतो.

एक ड्रायव्हर चुकला तर सगळा संगणक का कोसळतो, ते पाहा. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या प्रक्रियकात अधिकारांच्या ० ते ३ अशा चार पायऱ्या आहेत. विंडोज त्यांपैकी दोनच वापरते. तुमचा खेळ, तुमचे लेखनाचे साधन ही ३ ऱ्या पायरीवर बसतात. ती बिघडली तर एकटीच बंद पडतात. विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, शून्याच्या पायरीवर असतो, आणि कर्नेलचे ड्रायव्हर त्याच्या मांडीला मांडी लावून बसतात. तेथे कोणी कोणाला अडवत नाही. त्यातही कळफलकाच्या ड्रायव्हरपुढून प्रत्येक दाबलेली कळ जाते, तुमचा संकेतशब्दसुद्धा. २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये ध्वनियंत्रणेसोबतची एक आज्ञावली दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलमध्ये लिहून ठेवत असल्याचे स्विस संशोधकांनी दाखवून दिले. तिला खरे तर मायक्रोफोनची कळ दाबली जाते का, एवढेच पाहायचे होते. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. त्यात दुष्ट हेतू नव्हता, केवळ गलथानपणा होता. दुष्ट हेतू असता तर काय झाले असते, याची कल्पना करा.

म्हणून इतक्या आतल्या खोलीत कोणाला घ्यायचे याची दारात विचारणा हवीच. विंडोज एक्सपीच्या काळी केवळ इशारा येई आणि "तरीही पुढे जा" म्हणता येई. लोक तो न वाचताच पुढे जात. ६४ बिटांच्या व्हिस्टापासून, म्हणजे २००७ च्या सुमारास, कर्नेलच्या ड्रायव्हरला सही सक्तीची झाली. २०१६ च्या विंडोज १० च्या सुधारणेपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. सहीमुळे निदान गुन्हेगाराला किल्ली चोरावी लागते, आणि चोरी उघड झाली की ती किल्ली रद्द करता येते. स्टक्सनेटच्या बाबतीत तसेच घडले. बिनसहीच्या फाइलला रद्द करण्यासारखे काही नसतेच.

माझी तक्रार वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या दारापर्यंत जाण्यासाठी आधी एक विशेष प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते नोंदणीकृत संस्थेलाच मिळते आणि त्याला दरसाल काही शे डॉलर मोजावे लागतात. मोठ्या कंपनीला ही रक्कम चिल्लर आहे. पण बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या कळफलकासाठी फावल्या वेळात ड्रायव्हर लिहून फुकट वाटणाऱ्या एकट्या माणसाने ते कोठून आणायचे? त्याची आज्ञावली उघडी असते, कोणीही वाचून पाहावी. तरी तो दाराबाहेर, आणि चोरलेल्या किल्लीवाला आत. हे मला न्यायाचे वाटत नाही.

माझ्याकडे असाच एक जुना यांत्रिक कळफलक आहे. डाव्या कडेला पाच जादा कळा. त्याचा ड्रायव्हर मिळाला, पण सहीविना. एका जुन्या, जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावर मी एफ-७ चा मार्ग वापरून पाहिला. पाचही कळा चालल्या. संगणक बंद करून पुन्हा लावला, कळा पुन्हा मुक्या. असेच व्हायचे असते, कारण ही सूट एकाच सुरुवातीपुरती मिळते. कायमची सूट हवी तर 'टेस्ट मोड' नावाची व्यवस्था आहे. त्यासाठी सिक्युअर बूट हे संरक्षण आधी बंद करावे लागते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तशी सूचना सतत झळकत राहते. पाच कळांसाठी घराचे पुढचे दार उघडे टाकायचे? मी ते केले नाही. मला त्या कळा हव्या होत्या 'ज्ञ', 'क्ष', 'ऱ्य' अशा अक्षरांसाठी. मायक्रोसॉफ्टचेच एक मोफत साधन आहे, त्याने अक्षरांचा स्वतःचा तक्ता बनवता येतो. उजवी ऑल्ट आणि एखादी साधी कळ यांच्या जोडीवर मी ती अक्षरे बसवली. ड्रायव्हर लागलाच नाही. जादा कळांचा मी काहीच उपयोग करत नाही. त्यांवर धूळ बसते.

नवा कळफलक घेणाऱ्यांसाठी याहून चांगला मार्ग आहे. क्यूएमके नावाची एक मुक्त आज्ञावली कळफलकाच्या आतल्या छोट्या संगणकातच बसते. कोणत्या कळेने काय करायचे हे कळफलक स्वतःच लक्षात ठेवतो आणि बाहेर फक्त ते प्रमाण क्रमांक पाठवतो. तो शाळेत न्या, मामाच्या घरी न्या, प्रत्येक ठिकाणी तसाच चालेल. संगणकाला कसलीही परवानगी मागावी लागत नाही. विकत घेताना दिव्यांचे रंग मोजण्याऐवजी दुकानदाराला एवढे विचारावे की, याला ड्रायव्हर लागतो की याची आठवण याच्या पोटातच आहे?

हे सगळे करूनही काही वेळा बिनसहीचा ड्रायव्हर खरेच हवा असतो, विशेषतः स्वतः लिहायला शिकत असताना. तेथे लिनक्सची पद्धत मला योग्य वाटते. सिक्युअर बूट चालू असले की तेथेही अनेक वितरणांत कर्नेलच्या तुकड्यांना सही लागते. पण संगणकाचा मालक स्वतःची किल्ली-जोडी तयार करून जाहीर किल्ली आपल्या यंत्रात नोंदवू शकतो, आणि मग स्वतःच सही करू शकतो. नोंदणी पक्की होते ती संगणक पुन्हा सुरू करून, प्रत्यक्ष त्याच्यासमोर बसून संकेतशब्द दिल्यावरच. दूरदेशीच्या चोराला तेवढे जमत नाही. कुलूप कायम राहते, मात्र एक किल्ली घरमालकाकडेही असते. विंडोजने घरगुती वापरणाऱ्यांना अशी सरळ सोय द्यावी, टेस्ट मोडच्या आडवाटेने जायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वाट जरा कष्टाची ठेवली तरी चालेल. कष्ट घेणारा निदान वाचून पुढे जातो.

शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकांना मात्र यातले काहीच लागू नाही. तेथे एका यंत्रावर दिवसभरात चाळीस मुले आपापले संकेतशब्द टाइप करतात, आणि त्या यंत्राचा मालक तुम्ही नसता. तेथे तपासणी चालूच राहावी. शिक्षकांना एक सुचवतो. कोणा मुलाने आपला झगमगता कळफलक शाळेत आणला, तर त्याला परत पाठवू नका. ड्रायव्हर न बसवता तो जोडू द्या, आणि कोणत्या कळा चालतात व कोणत्या नाहीत याची यादी त्यालाच फळ्यावर लिहायला सांगा.